पांचाळ मिस्त्रींचे कठडे

भावजी, हे पांचाळ मिस्त्री कोण?

तुमच्या शैलाने परवा मला विचारलं, "ताई, पांचाळांना कळवलंत का हो?" तुमचा हार घातलेला फोटो समोर पाटावर होता, शेजारी समई होती, आणि मी काहीच न कळून तिच्याकडे बघत बसले. आपल्या नात्यात पांचाळ नाहीत, ओळखीत नाहीत. तेवढ्यात तीच म्हणाली, "अहो, तुमच्या पिकअपचे कठडे करणारे मिस्त्री!" मग मी फोटोकडे बघितलं. तुम्ही आपले साळसूदपणे समोर बघत होतात, जसा काही या प्रकाराशी तुमचा संबंधच नाही.

तुम्ही गेलात हेच मुळात अजून माझ्या गळी उतरलेलं नाही, त्यात हे. आजारपण असतं, अंथरूण असतं, दवाखान्याच्या फेऱ्या असतात, तर माणूस मनाची काही तयारी करतो. तुम्ही त्या दिवशी सकाळी नेहमीसारखे स्कूटरवरून नर्सरीत आलात. फाटकातूनच "आज चहा मिळणार, का नुसतंच राबवून घेणार?" असं कुजकं बोललात. मग पिकअपच्या डाव्या बाजूचा लाकडी कठडा काढायला घेतलात, आणि काही वेळाने "वहिनी, जरा टेकतो हं," म्हणून उलट्या घातलेल्या कुंडीवर बसलात. मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तर कुंडी रिकामी होती आणि तुम्ही शेजारी मातीत आडवे होतात. हाका मारल्या. तुम्ही माझ्या एकाही वाक्याला उत्तर दिलं नाहीत असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं.

ती कुंडी अजून तिथेच आहे. माळी विचारतात, उचलू का. मी नको म्हणते, आणि का नको म्हणते ते मलाही सांगता येत नाही.

तुमचे दादा गेल्यावर मी येरवड्याच्या पुढे जागा भाड्याने घेऊन नर्सरी काढली, तेव्हा घरातल्या शहाण्यांनी मला वेड्यात काढलं होतं. तुम्ही काढलं नाहीत. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, की झाडं मेली तर सुतक कोणी पाळायचं. मग निवृत्त झालात आणि एक दिवस येऊन उभे राहिलात. "वहिनी, घरात मी शैलाच्या कामात लुडबूड करतो असं ती म्हणते. तुमच्या कामात करू का?" मी म्हटलं, "करा. इथे निदान जागा मोठी आहे." तेव्हापासून ती जुनी पिकअप तुम्हीच चालवलीत. मार्केट यार्डातून खताची पोती आणायची, सोसायट्यांना झाडं पोचवायची, आणि वाटेत भेटेल त्याला वाहतुकीचे नियम शिकवायचे.

तिच्या हौद्याचे बाजूंचे लोखंडी फाळके जेमतेम गुडघ्याएवढे. गुलाबाची, मोगऱ्याची छोटी रोपं दोन थर रचून न्यायची तर बाजूंना उंच कठडा हवा. मोठे पाम ड्रमसकट चढवायचे तर तोच कठडा आड येतो, कारण ते बाजूने लोटत चढवावे लागतात. मी म्हटलं, लोखंडी जाळी वेल्ड करून टाकू आणि पाम मागून चढवू, कटकट मिटेल. तुम्ही म्हणालात, "वेल्डिंग कायमचं असतं, वहिनी. आपल्या वयात कायमचं काही करू नये." तुम्ही लाकडाचे, काढता-घालता येणारे कठडे करायचं ठरवलंत, आणि तेही स्वतःच्या हाताने. आयुष्यभर सरकारी कचेरीत बसून शेरे मारलेला माणूस! तुमच्या घरी कॅलेंडरसाठी खिळा ठोकायचा तर शैला शेजारच्यांना बोलवायची.

टिंबर मार्केटातून तुम्ही पाइनवूड आणलंत. हौद्याच्या कडेला चौकोनी लोखंडी खाचा होत्याच. त्यांत उभे खांब रोवायचे, खांबांना आडव्या पट्ट्या मारायच्या, कोपऱ्यात कड्या अडकवायच्या, म्हणजे हवं तेव्हा वर उपसून कठडा बाजूला ठेवता येईल. कागदावर हे फार सोपं दिसत होतं. मोबाइलवर तुम्ही कोणा परदेशी गृहस्थाचे व्हिडिओ लावायचात. तो इंग्रजीत सांगायचा आणि तुम्ही त्याला मराठीत उत्तरं द्यायचात. "अरे बाबा, तुझ्याकडे मशीन आहे, आमच्याकडे वहिनी आहेत." मी पट्टीचं दुसरं टोक धरून उभी असायचे. माझे हात भरून यायचे आणि तुमचा व्हिडिओ काही संपायचा नाही.

पहिला खांब तुम्ही उलटा बसवलात. दुसऱ्या वेळी हातोडा पट्टीवर न बसता अंगठ्यावर बसला. तरी वैशाखाच्या उन्हात, नर्सरीतल्या हिरव्या जाळीच्या सावलीत, तुम्ही कानस आणि पॉलिशपेपर घेऊन एकेक खांब असा घासत बसलात, की तो खाचेत जाताना लोण्यात सुरी जावी तसा जायचा आणि गेल्यावर तसूभर हलायचा नाही. मी सांगत होते, नखभर तरी जागा ठेवा. तुम्ही ऐकलं नाहीत. "जागा ठेवली की वाजणार. वाजत जाणारी गाडी मी चालवणार नाही. लोकांना वाटेल भंगारवाला आला." कठडे बसले त्या दिवशी तुम्ही गाडी मुद्दाम खड्ड्यांतून फिरवून आणलीत आणि मला शेजारी बसवून विचारत राहिलात, "येतोय आवाज? येतोय का?" आवाज येत नव्हता. एवढा आनंद झालेला निवृत्त कारकून मी तरी पाहिला नव्हता.

मग पाऊस लागला आणि लाकूड फुगलं. काढता-घालता येणारे कठडे निघेनात. आपण दोघांनी ओढले, माळ्यांनी ओढले, खाचांत खोबरेल तेल ओतलं. तुम्ही पहार लावलीत तेव्हा मागचा दिवा फुटला. पूर्ण पावसाळाभर पामचे ड्रम कठड्यावरून दोर बांधून चढवले आणि माळ्यांनी रोज तुमचा उद्धार केला. एका सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारलं, "काका, हे निघत नाहीत का?" तुम्ही चेहरा न हलवता म्हणालात, "निघतात की. दिवाळीनंतर."

आणि खरंच दिवाळीनंतर ते निघाले, अलगद, जसं काही झालंच नव्हतं. तिथून आपला वाद सुरू झाला तो शेवटपर्यंत चालला. मी म्हणायचे रंधा मारा, खांब थोडे बारीक करा. तुम्ही म्हणायचात, मग उन्हाळ्यात वाजतील. मी म्हणायचे, वाजू देत. तुम्ही म्हणायचात, दोष लाकडात नाही, आपल्या काढण्यात आहे, सरळ वर न ओढता आपण तिरपं ओढतो. चहा पिताना हा वाद, खत कालवताना हा वाद. शेवटी या उन्हाळ्यात तुम्ही न्यायनिवाडा केलात. उजव्या बाजूच्या खांबांना माझ्या म्हणण्याप्रमाणे रंधा मारलात आणि डावी बाजू आपल्या म्हणण्याप्रमाणे तशीच ठेवलीत. "बघू पावसात कोण खरं ठरतं ते."

उजवी बाजू पावसात निघाली. ती वाजतेही, हे मान्य करते, भांड्यांच्या गाडीसारखी वाजते. डावी गच्च बसली होती. म्हणून त्या सकाळी तुम्ही लाकडी हातोडा घेऊन डाव्या बाजूला उभे होतात.

हॉस्पिटलच्या दारात शैला रिक्षातून उतरली ती धावतच आली आणि तिने पहिलं विचारलं, "ताई, ह्यांनी जड काही उचललं नाही ना? ठोकाठोक केली नाही ना?" मला प्रश्नाचा अर्थच कळला नाही. तिचा चेहरा बघून माझ्या तोंडातून निघून गेलं, "नाही गं, बसले होते. नुसते बसले होते." बसला होतातच. मग तिथल्या बाकावर तिने मला सांगितलं, की गेल्या वर्षीच्या संक्रांतीला तुमच्या हृदयाची तपासणी झाली होती आणि डॉक्टरांनी तुम्हाला ओझं उचलायचं नाही, हातोडा-पहार धरायची नाही, अशी सक्त ताकीद दिली होती. गेल्या वर्षीची संक्रांत म्हणजे कठड्यांच्या आधीची, भावजी. म्हणजे पाइनवूडची पहिली फळी तुम्ही स्कूटरला आडवी बांधून आणलीत तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं, आणि ज्या बाईसमोर तुम्ही दिवसभर बडबड करायचात तिला तुम्ही त्यातलं एक अक्षर सांगितलं नाहीत. मला त्या बाकावर रडू आलं नाही, राग आला. तो अजून आहे.

तर हे पांचाळ.

शैलाने परवा मला बसवून त्यांच्याबद्दल इतकं सांगितलं, की थोड्या वेळाने मला तो माणूस डोळ्यांसमोर दिसायला लागला. डॉक्टरांनी मना केलं म्हणून तुम्ही घरी सांगितलंत, की कठड्यांसाठी वहिनींनी मिस्त्री लावलाय, मी फक्त देखरेख करतो. आणि मग रोज संध्याकाळी चहाबरोबर तिला पांचाळ ऐकवलेत. "फार हट्टी हो ते," ती म्हणाली. "तुम्ही एवढं सांगितलंत थोडी जागा ठेवा म्हणून, पण ऐकतील तर ना. पावसात सगळं फुगून बसलं. हे घरी येऊन त्यांची नक्कल करायचे, आम्ही दोघं पोट धरधरून हसायचो." उलटा खांब पांचाळांनी बसवला होता. मागचा दिवा पांचाळांनी फोडला होता. आणि तुमच्या अंगठ्यावर हातोडा बसला तो पांचाळांच्या हातून निसटून! शैलाने तुमच्या अंगठ्याला हळद लावता लावता त्या बिचाऱ्याला काय काय बोलून घेतलं होतं, तेही तिने मला सांगितलं.

मी ऐकत होते. चुका सगळ्या तुमच्या, वाद सगळे आपले, आणि मालक पांचाळ.

"आणि माझी लसणाची चटणी त्यांना फार आवडायची," शैला म्हणाली. "ह्यांच्या डब्यात मी त्यांच्यासाठी वेगळी पुडी द्यायचे. न चुकता निरोप यायचा, फर्मास झाली होती म्हणून." भावजी, ती पुडी तुम्ही माझ्या हातात द्यायचात. "शैलाने खास तुमच्यासाठी दिलीय," म्हणायचात. मीच म्हणायचे तिला सांगा, फर्मास झालीय. वर्षभर मी दुसऱ्याच्या वाटणीची चटणी खाल्ली आणि शैलाला वाटत राहिलं, की थोरल्या जाऊबाईंनी कधी चटणीचं नाव काढलं नाही. तुम्हाला लाज कशी वाटली नाही हो?

मग ती आत गेली आणि जाड कापडाची पिशवी घेऊन आली. रंधा, करवत, पटाशी, कानस. पुसून, तेलाचा हात फिरवून, जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेली. "नर्सरीत चोरी होते म्हणून पांचाळ हे सगळं आमच्याकडे ठेवायला द्यायचे. कारागिराची हत्यारं अशी अडकवून ठेवू नयेत, ताई. तेराव्याला त्यांना जेवायलाच बोलवा. पान वाढू आणि पिशवी हातात देऊ. ह्यांना बरं वाटेल."

मी हो म्हणून उठले. दुसरं काय म्हणणार होते?

मंडईपासून रिक्षा केली आणि घरी पोचेपर्यंत तुम्हाला मनातल्या मनात असं काही बोलले, की रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे दोनदा बघितलं. बहुतेक मनातल्या मनात राहिलं नसावं. एकदा वाटलं, टिंबर मार्केटात जाऊन एखादा सुतार ठरवावा, त्याला चार ओळी पढवाव्यात आणि पांचाळ म्हणून पानावर बसवावा. तुम्ही हेच केलं असतंत. मग वाटलं, सांगून टाकावं, ते कायमचे गावी गेले. हत्यारं मी पोचवते. शैला पिशवी देईल, मी घेईन, संपलं. तिला तिचा विनोदी मिस्त्री राहील आणि तुमचं बिंग फुटणार नाही.

पण मला भीती तुमच्या बिंगाची नव्हती. पांचाळ नाहीत असं मी म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग ठोकाठोक कोण करायचं, त्या सकाळीसुद्धा? मी हॉस्पिटलच्या दारात दिलेलं उत्तर तिने धरून ठेवलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, "नुसते बसले होते हो, काही त्रास झाला नाही." ते सांगताना तिचा आवाज स्थिर असायचा. ती रडलीही नव्हती. आल्यागेल्याला चहा विचारायची, चपला सरळ करून ठेवायची. तेवढ्या एका वाक्यावर ती उभी आहे असं मला दिसत होतं, आणि ते वाक्य अर्धंच होतं, हे माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. ते काढून घेतलं आणि ती कोसळली तर तिला सावरणार कोण? आणि तिने उद्या मलाच विचारलं, की तुमच्या झाडांपायी माझा माणूस गेला ना, तर मी कोणत्या तोंडाने उभी राहू? हे सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात अडकवून तुम्ही मात्र सुटलात.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी गेले. शैला ताटात तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसून मूठभर तांदूळ ओढून घेतले, म्हणजे वर बघायला नको.

"शैला, पांचाळ येणार नाहीत."

"गावाला गेलेत का?"

"नाहीत गं. पांचाळ नाहीतच. कधीच नव्हते."

तिचा हात थांबला. "मग कठडे कोणी केले?"

"भावजींनी. मी टोक धरायचे."

तिने फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ह्यांनी? ह्यांना खिळा ठोकता यायचा नाही, ताई."

"शिकले. फार चांगले नाही शिकले, पण शिकले."

"आणि ती चटणी?"

"मी खायचे. फर्मास असायची."

तिच्या ओठांच्या कडा हलल्या. ती हसते की काय असं वाटलं, पण हसली नाही. उठून पिशवी घेऊन आली, रंधा फडक्यातून सोडवला आणि तो हातात धरून बसली. आपला नवराच आपल्याला ठाऊक नव्हता असं कोणी तोंडावर सांगितलं तर बाई कशी बसेल, तशी.

"म्हणजे त्या दिवशीही..." ती म्हणाली आणि थांबली.

मी हातातले तांदूळ खाली ठेवले. "हो. बसले होते हे खरं आहे, पण त्याआधी डावा कठडा ठोकून काढत होते. मला डॉक्टरांचं काहीच माहीत नव्हतं, शैला. देवाशपथ नव्हतं. असतं तर हातोडा हिसकावून घेतला असता."

खाली रस्त्यावर कोणी तरी गाडी मागे घेत होतं, त्याची शिट्टी वाजत राहिली. मी मनाशी म्हटलं, आता ती मला उठा म्हणेल, दार दाखवेल, आणि मी निमूट उठेन.

"निघाला का?" तिने विचारलं.

"काय?"

"तो डावा कठडा. निघाला का?"

भावजी, इतक्या दिवसांत मला हे कोणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, भेटायला येणाऱ्यांनी नाही. मीही ते मनात आतल्या आत दाबून ठेवलं होतं, कारण ते सांगायचं म्हणजे आधी ठोकाठोक सांगावी लागली असती.

"निघाला," मी म्हटलं. "कोपऱ्यात दोन-चार ठोके घातले, मग दोन्ही हातांनी धरून सरळ वर उपसला. अजिबात तिरपा नाही. अख्खा कठडा हातात आला. तो फाळक्याला टेकवून उभा केला, बाहीने कपाळ पुसलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, 'बघा वहिनी! भर पावसात, रंधा न मारता!' शैला, इतके खूश होते, इतके खूश, की मला चिडवायलासुद्धा विसरले. नुसते हसत उभे होते. मग म्हणाले, जरा टेकतो."

शैलाने रंधा बाजूला ठेवला आणि तांदळाच्या ताटावरून हात पुढे करून माझं मनगट घट्ट धरलं. तिचे डोळे भरून आले, वाहायला लागले, आणि तिने ते पुसले नाहीत.

"अहो ताई," ती म्हणाली, "मग हे आधी नाही का सांगायचं?"

आणि तिने मला ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. हातोडा कोणत्या हातात होता, हसलात कसे, आवाज केवढा होता, सगळं. मी सांगितलं.